सरकत्या काठांचं गाव

सेव्हर्न नदीला खरं तर इथून जायचंच नव्हतं. वेल्समधल्या प्लिनलिमनच्या डोंगरात ती उगम पावते, पूर्वेला येते, श्रूजबरीच्या सपाटीवर रेंगाळते. हिमयुगाआधी तिथून ती उत्तरेला वळून आयरिश समुद्राला मिळायची. मग उत्तरेकडून बर्फ सरकत आला आणि ती वाट बुजली. अडलेल्या पाण्याचं भलंथोरलं सरोवर झालं आणि ते दक्षिणेच्या टेकड्यांवरून सांडलं, असं जुने भूवैज्ञानिक सांगत. आताचे म्हणतात, बर्फाच्या पोटातून दाबाखाली धावणाऱ्या पाण्यानेच हा खडक कापला. कसंही असो, पुढे बर्फ वितळला तरी नदी जुन्या वाटेला परत गेली नाही. पार दक्षिणेला ब्रिस्टलच्या खाडीपर्यंत वळसा घेऊन तिने आपली लांबी ३५४ किलोमीटर करून घेतली. ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी ती अशी, अडवणुकीमुळे झाली.

तिने कापलेल्या घळीत आयर्नब्रिज वसलंय. श्रॉपशर परगण्यातलं लहानसं गाव. एका काठाने निघालं तर गप्पा मारत मारतच संपतं. बर्मिंगहॅमहून आगगाडीने टेलफर्डला उतरायचं, पुढे बस. टेलफर्ड हे गेल्या शतकाच्या साठच्या दशकात नकाशावर आखून बसवलेलं नवं शहर, त्यामुळे बस एका गोल चौकातून दुसऱ्या गोल चौकात फिरत राहते. मग एकाएकी रस्ता तोल गेल्यासारखा खाली उतरू लागतो, दोन्ही बाजूंना झाडी दाटते आणि विटांची घरं एकाच्या डोक्यावर एक पाय ठेवून उभी राहिलेली दिसतात. ‘‘आत्या, डावीकडे बघ, आता दिसेल,’’ भाची म्हणाली. ती बर्मिंगहॅमला नोकरी करते आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला इथे आणते. मला मात्र आधी दिसली ती एका घराची भिंत आणि तिच्यावरच्या पुराच्या खुणा. आम्ही सांगलीचे. नदीकाठच्या गावात शिरलं की आमची नजर पाण्याआधी भिंतीकडे जाते.

पूल दिसला तो नंतर. तांबूस तपकिरी रंगाची एकच अर्धगोल कमान, खाली शांत पाणी आणि पाण्यात उरलेलं अर्धं वर्तुळ. जगातला पहिला मोठा बिडाचा पूल. गाव आधी आणि पूल मग, असा आपल्या डोक्यातला क्रम असतो. इथे पूल आधी झाला आणि त्याच्या टेकूने गाव. आजूबाजूच्या वस्त्या जुन्या होत्या, पण या जागी बाजार भरू लागला तो पुलामुळे. पुलाच्या भागधारकांनी समोरच टॉन्टीन नावाचं हॉटेल बांधलं. लोक नुसता पूल बघायला लांबून येतील आणि राहतील, हे त्यांना १७८०च्या आसपासच कळलं होतं. पर्यटन महामंडळं पुष्कळ नंतरची.

आता इथेच पूल का, हे समजायला नदीने काय कापलं ते बघावं लागतं. घळ कोरताना पाण्याने जमिनीचे थर उभे उघडे पाडले. चुनखडी, दगडी कोळसा, लोखंडाचा दगड, भट्टीच्या विटांना लागणारी माती, सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत आणि तेही उतारावर. खोल विहिरीसारखी खाण खणायला नको. डोंगरात आडवं शिरायचं, माल बाहेर काढायचा, उतारावरून खाली सोडायचा आणि काठाच्या बोटीत भरायचा. नदी म्हणजे हमरस्ता. शिडाच्या सपाट बुडाच्या बोटी इथून ब्रिस्टलपर्यंत जात. प्रवाहाविरुद्ध परत येताना माणसांच्या टोळ्या छातीला दोर बांधून त्या ओढत. घोडे नंतर आले, आधी माणसंच.

या नदीने ब्रिस्टलहून आणलेला सर्वांत महत्त्वाचा माल म्हणजे अब्राहम डार्बी नावाचा क्वेकर पंथाचा कारखानदार. ब्रिस्टलला तो पितळेची भांडी करायचा. पितळ महाग, म्हणून बिडाची भांडी वाळूच्या साच्यात ओतायची पद्धत त्याने बसवली आणि १७०७ साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे घावनांसाठी बिडाचा तवा जपून ठेवणाऱ्या बायकांनी या माणसाचं नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. नंतर त्याने कोलब्रुकडेल इथली एक मोडकी भट्टी भाड्याने घेतली. कोलब्रुकडेल म्हणजे आयर्नब्रिजच्या शेजारची, मुख्य नदीला येऊन मिळणाऱ्या ओढ्याची दरी. तोवर लोखंड वितळवायला लोणारी कोळसा लागे. लोणारी कोळशाला लाकूड लागतं, आणि एका भट्टीसाठी जंगलच्या जंगल राखावं लागे. दगडी कोळसा पायाखाली होता, पण त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि लोखंड ठिसूळ होतं. डार्बीने तो कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला आणि १७०९ मध्ये कोकवर लोखंड काढून दाखवलं. इथल्या कोळशात मुळातच गंधक कमी, हा त्याच्या नशिबाचा भाग.

ती भट्टी आजही आहे. काचेच्या उंच छपराखाली तिला आजारी माणसासारखी कोरडी आणि उबदार ठेवलीय. तोंडावरच्या लोखंडी तुळयांवर आकडे ओतलेले आहेत. १७७७चा आकडा नातवाच्या वेळचा, त्याने भट्टी वाढवली तेव्हाचा. आत डोकावलं की विटांवर काचेसारखा हिरवट-काळा लेप दिसतो. तो वितळलेल्या दगडाचा. हात लावायला मनाई आहे, आणि लावावासा वाटतो.

बाहेरचे फलक सांगतात की औद्योगिक क्रांतीचा जन्म इथे झाला. फलकवाल्यांना असं सांगावंच लागतं. खरं तर डार्बीच्या शोधानंतर निम्मं शतक बहुतेक इंग्रज लोहार लोणारी कोळशालाच धरून होते. कोकवरचं बीड ओतायला उत्तम, पण ठोकून घडवायच्या लोखंडासाठी ते चालेना. दुसऱ्या अब्राहम डार्बीने, म्हणजे मुलाने, १७५०च्या दशकात त्यातून वाट काढली, तेव्हा कुठे भट्ट्या भराभर उभ्या राहिल्या. शाळेत आम्हाला क्रांती एका दमात शिकवली होती. इथे ती तीन पिढ्यांनी, उधार-उसनवारी करत, हळूहळू केलेली दिसते. मला ती अशीच जास्त पटते.

तिसऱ्या अब्राहमच्या वाट्याला पूल आला. नदीच्या दोन्ही काठांना खाणी आणि कारखाने, मधे फक्त नावा. हिवाळ्यात पाणी चढलं की सगळं ठप्प. पण पूल साधा चालणार नव्हता. मधे खांब उभे केले तर शिडाच्या बोटी अडणार, आणि काठ ढासळते असल्याने पाया कुठे घालायचा हाच प्रश्न. श्रूजबरीचा वास्तुकार टॉमस फार्नल्स प्रिचर्ड याने १७७३ साली लोखंडाच्या एकाच कमानीची कल्पना मांडली. १७७६ मध्ये संसदेने परवानगी दिली, १७७७ मध्ये काम निघालं आणि त्याच डिसेंबरात प्रिचर्ड वारला. १७७९च्या उन्हाळ्यात कमानी उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्याकडे वडगाव मावळात महादजी शिंद्यांनी कंपनीच्या फौजेला गाठून तह लिहून घेतला होता. पुण्याहून बघणाऱ्याला तेव्हा इंग्रज हरलेले दिसत होते. या घळीत काय शिजतंय याची खबर पुण्याला असण्याचं कारण नव्हतं. लंडनलाही ती पुरती नव्हती.

पुलाखाली जायला काठाने पायवाट आहे. तिथे उभं राहून वर बघितलं तेव्हा मी पहिल्यांदा थक्क झाले. तीस मीटरचा गाळा, ३७८ टन बीड, सुमारे सतराशे भाग, आणि सांधे सगळे सुताराचे. खाचेत कूस बसवलेली, आरपार काढलेली, वरून पाचर ठोकलेली. कुठे कबुतराच्या शेपटीसारखा पसरट डव्हटेल सांधा. लोखंडाचा पूल कसा जोडायचा हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांनी लाकडाचं ज्ञान लोखंडाला लावलं. एका सांध्याजवळ पाचर जरा तिरकी बसलीय आणि खाच तिच्याहून सैल आहे. मोकळी फट स्पष्ट दिसते. तुकडे सारखे नाहीतच, बहुतेक एकेकटे ओतलेले, जागेवर जुळवून घेतलेले. एकेका कमानीचा अर्धा भागच पाच टनांहून जड. तो उचलला कसा, हे फार दिवस कुणाला सांगता येत नव्हतं. मग १९९७ साली स्टॉकहोममध्ये इलायस मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचं एक छोटं जलरंगातलं चित्र सापडलं. १७७९ मध्ये तो इथे होता, आणि नदीत लाकडी उटाळं उभारून कमान चढवतानाचं दृश्य त्याने टिपून ठेवलं होतं. पुलाच्या कारखानदारांनी कागद ठेवला नाही. वाटसरू चित्रकाराने ठेवला.

१ जानेवारी १७८१ला पूल खुला झाला. अंदाज तीन हजार पौंडांच्या थोडा वरचा, खर्च सहा हजारांच्या वर. वरचा बोजा तिसऱ्या डार्बीने अंगावर घेतला आणि १७८९ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, कर्जातच गेला. १७९५च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला महापूर आला, दगडी पुलांची दाणादाण उडाली आणि या जाळीदार कमानीतून पाणी निघून गेलं. पुलाची खरी जाहिरात त्या पुराने केली. लगेच टॉमस टेलफर्डने थोडं वर बिल्डवास इथे दुसरा लोखंडी पूल बांधला: गाळा मोठा, लोखंड निम्म्याहून कमी. म्हणजे पहिल्या पुलात लोखंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त घातलं गेलं होतं. पण पहिल्यांदा करणाऱ्याने हात सैल ठेवला तर त्यात नवल काय? आणि शहाणपणाने बांधलेला बिल्डवासचा पूल आज नाही. जाडजूड थोरला उभा आहे.

पुलाच्या दक्षिण टोकाला टोलनाक्याचं घर आहे आणि तिथे दरपत्रकाचा मोठा फलक. महाराष्ट्रातल्या माणसाने तो आवर्जून वाचावा. चालत जाणाऱ्याला अर्धा पेनी. सैनिक कामावर असो नसो, टोल भरायचा. टपालगाडीने भरायचा. राजघराण्यातल्या माणसांनीसुद्धा भरायचा, असं नाव घेऊन लिहिलंय. ‘माझी गाडी ओळखत नाहीस का?’ हा प्रश्न विचारायची सोयच ठेवलेली नाही. पूल कमकुवत झाला म्हणून १९३४ मध्ये गाड्या बंद झाल्या, तरी पायी जाणाऱ्यांचा टोल १९५०पर्यंत चालू होता.

टोल असला की चुकवणारे आलेच. इथे त्यांचं वाहन कोरॅकल, म्हणजे हरिगोल. हंपीला तुंगभद्रेवर जो दिसतो त्याचा हा सडपातळ भाऊ: लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर कापड, कापडाला डांबर. एक माणूस बसतो आणि उतरल्यावर तोच ती होडी पाठीवर टाकून घरी नेतो. इथलं रॉजर्स घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोरॅकल करत आलं. युस्टस रॉजर्स हे शेवटचे नावाजलेले कारागीर २००३ साली गेले. अंधारात आवाज न करता पलीकडे जाऊन कुणाच्या रानातले ससे आणायलाही होडी सोयीची पडे, असं गावकरी हसून सांगतात. पुढे १९०९ मध्ये लोकांनी वर्गणी काढून थोडं खाली दुसरा पूल बांधला. त्याला सगळे ‘फ्री ब्रिज’ म्हणायचे. नावातच राग जिरवलेला.

दक्षिण काठाने त्या बाजूला चालत गेलं की जॅकफिल्ड लागतं. लोखंडाचे मोठे कारखाने एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला आणि दक्षिण वेल्सला निघून गेले. घळ अरुंद, भट्ट्या वाढवायला जागा नाही, नदीला कधी पाणी जास्त, कधी बोटीपुरतंही नाही. मग इथल्या मातीवर नवा धंदा उभा राहिला, फरशांचा. मॉ आणि कंपनी आधी बेंथॉलला होती, १८८३ला जॅकफिल्डला आली आणि जगातला सर्वांत मोठा फरशीचा कारखाना म्हणवू लागली. शेजारी क्रेव्हन डनिल. त्यांच्याच जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. दालनामागून दालन: रेल्वे फलाट, दारूचा गुत्ता, दवाखान्यातला मुलांचा कक्ष, सगळीकडे चकचकीत फरशा.

इथे पाय दुखायचे थांबले. कारण मुंबईच्या व्हीटी स्टेशनच्या, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, फरशा मॉ कंपनीच्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं ते स्टेशन बांधलं जात होतं १८७८ ते १८८८च्या दरम्यान. या घळीतली माती पेट्यांत भरून बोरीबंदरला उतरली. नक्षीची फरशी कशी करतात ते संग्रहालयात दाखवतात. साच्यात आधी एका रंगाची माती दाबायची, नक्षीचे खळगे ठेवायचे, त्यांत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, सुकली की वरचं तासायचं आणि भाजायचं. रंग वर फासलेला नसतो, चांगला काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून लाखो चपला घासल्या तरी नक्षी पुसत नाही. मी दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, मुंबईबद्दल ठाऊक आहे का? त्या म्हणाल्या, इथून माल इतक्या ठिकाणी गेला की यादी करणारा थकेल. अभिमान नव्हता त्यात, तक्रारही नव्हती. मला मात्र जरा लागलं. व्हीटीचा पाठ आम्ही घोकला आणि त्याच्या फरशा बनवणाऱ्या गावाला ते शंभरातलं एक गिऱ्हाईक.

संग्रहालयाबाहेरचा रस्ता मोकळा मोकळा वाटतो. मोकळा नव्हता. १९५१-५२च्या हिवाळ्यात जॅकफिल्डचा उतार नदीकडे सरकू लागला आणि सत्तावीस घरं गेली. रूळ वाकडे झाले, रस्ता लाटांसारखा उठला. आमच्याकडे माळीण गाव एका पहाटेत दरडीखाली गेलं. इथे जमीन आठवड्यांमागून आठवडे, बघता बघता चालली. कारण तेच, जे या गावाच्या श्रीमंतीचं. नदीने घाईने कापलेली घळ, माती आणि कोळशाचे मऊ थर, त्यांत पाणी मुरायचं, वर खाणींनी पोखरलेलं. घळ अजून स्थिर झालेली नाही. दोन्ही काठ एकमेकांकडे सरकतायत. जगप्रसिद्ध पूलसुद्धा त्या चिमट्यात सापडलाय. म्हणून १९७०च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घातली, दोन्ही पायांना आतून रेटा देणारी. ती पाण्याखाली असते, म्हणून तिचा फोटो कुणी काढत नाही. टेकडीवरच्या सेंट ल्यूक चर्चचा मनोरा पश्चिमेऐवजी पूर्वेला आहे, तोही पश्चिमेची जमीन भरवशाची नाही म्हणून. देवालाही इथे दिशा बदलून घ्यावी लागली.

ब्लिस्ट्स हिलला व्हिक्टोरियन काळातलं गाव उभारलंय, तिथे आम्ही दुपारी गेलो. बँकेत पौंड देऊन जुनी नाणी घ्यायची, त्यांनी पाव विकत घ्यायचा, मेणबत्तीवाला मेणबत्त्या करतोय. मुलं खूश होती. मला ते फार धुतलेलं वाटलं. चित्रकार लूथरबर्गने १८०१ साली रंगवलेली इथली रात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलीय. त्यात आकाश पेटलेलं आहे आणि माणसं ठिपक्याएवढी. तो धूर इथे कुठेच नाही. पण त्याच आवारात ‘हे इन्क्लाइन’ नावाचा उतार आहे. १७९२च्या सुमाराला कालव्यातल्या बोटी रुळांवर चढवून दोनशे फूट खाली नदीकाठी उतरवायचे, वजनाने वजन तोलून, मिनिटांत. तो मात्र बघावा. गवतातून रूळ खाली झेपावतात आणि पोटात खड्डा पडतो.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून काठावरच्या एका छोट्या दुकानात चहा घ्यायला बसलो. भिंतीतले विजेचे सॉकेट माझ्या छातीच्या उंचीवर होते. खालची फळी रिकामी, माल सगळा वर. मी भाचीला म्हटलं, ‘‘हे सांगलीचंच दुकान आहे.’’ २०१९च्या महापुरानंतर आमच्या गल्लीतही सगळ्यांनी सॉकेट वर घेतले.

मालक साठीचे. मी विचारल्यावर त्यांनी फोनवरचे फोटो काढले. फेब्रुवारी २०२०, पूर रोखायला काठावर लावलेले धातूचे अडसर पाण्याच्या रेट्याने मागे सरकलेले, पोलीस दारोदार लोकांना बाहेर काढतायत. ‘‘आम्ही बिल्डवासचा आकडा बघतो,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही?’’

‘‘आयर्विन पुलाचा. पंचेचाळीस फूट धोक्याची पातळी. २०१९ला सत्तावन्नपर्यंत गेलं होतं.’’

ते थबकले. ‘‘घरात?’’

‘‘नाही हो, पुलाच्या पट्टीवर. घरात पहिला मजला.’’

त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि चहाचे पैसे घ्यायचे नाकारले. मग जरा वेळाने, कप विसळता विसळता: ‘‘तुमच्या नदीवर वर धरण आहे?’’

‘‘आहे. कोयना.’’

‘‘आमच्यावर क्लुवेडॉग. मग पूर आला की भांडण होतं? पाणी आधी का नाही सोडलं म्हणून?’’

‘‘दर वेळी.’’

‘‘आणि उन्हाळ्यात, एवढं का सोडलं म्हणून?’’

‘‘तेही.’’

ते इतके मोठ्याने हसले की आतून त्यांची बायको बघायला आली. त्यांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं, सत्तावन्न फुटांसकट, आणि आमची बस चुकली.